तिसरा हत्ती

आमच्या घरच्या बुद्धिबळात काळ्यांचे हत्ती तीन होते. त्यातला तिसरा अडीच घरं चालायचा.

नवा पाहुणा खेळायला बसला की अण्णा त्याला आधीच बजावत, "हा दिसायला हत्ती आहे, पण तुम्ही ह्याला घोडा समजा." पाहुणा मान डोलवायचा आणि दहाव्या-बाराव्या खेळीला हमखास विसरायचा. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर अण्णांनी जिंकलेल्या डावांपैकी निम्मे तरी ह्या विसरण्याच्या जोरावर जिंकले असणार, असा माझा जुना संशय आहे. काळे मोहरे आपल्याकडे घ्यायचा आग्रहही त्यांचाच असे.

मूळचा घोडा मी बंबात घातला, असं आई सांगायची. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो, त्यामुळे नाकारायला माझ्याकडे पुरावा नाही. पुढे आत्याच्या लग्नात द्यायच्या झोपाळ्याची ऑर्डर द्यायला अण्णा संखेड्याला गेले. संखेडा बडोद्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथले खरादी, म्हणजे आपल्या मराठीतले कातारी, सागाचं लाकूड फिरवून कातीव काम करतात आणि वर लाखेचा रंग चढवतात. लाखेखाली कथलाची नक्षी असते. वरून लाख चढली की ती सोन्याची वाटते. अण्णांनी उरलेला एक काळा घोडा नमुना म्हणून खिशात घालून नेला होता. खरादीने तो बोटांत गोल फिरवला आणि परत दिला.

"साहेब, संघाडा पर घोडो न थाय."

त्याचं बरोबर होतं. संघाड्यावर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, फिरणाऱ्या लाकडाला पटाशी लावली की जे निघतं ते चहूबाजूंनी सारखंच निघतं. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी ही सगळी झोपाळ्याच्या दांड्यांची सख्खी भावंडं. नंतर कुठे काप घ्यायचा, कुठे खाचा पाडायच्या, एवढंच. घोड्याला मात्र तोंड आहे, आणि ते एकाच बाजूला आहे. तो हाताने कोरावा लागतो. "मग हत्तीच करून द्या," अण्णा म्हणाले. झाला तोही संखेड्याच्याच थाटात: मरून रंग आणि अंगभर सोनेरी वेलबुट्टी. साध्या काळ्या मोहऱ्यांच्या रांगेत तो मुहूर्ताला उशीर झालेल्या वऱ्हाड्यासारखा उभा असायचा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून भाची आली आणि हे सगळं पुन्हा वर आलं. सई सहावीत आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हिला बुद्धिबळाशिवाय काही सुचत नाही. पण खेळते ती मोबाइलवर. मोहरा हातात धरून ती जवळजवळ खेळलेलीच नाही. अण्णांचं बरोबर उलटं. त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांना मोबाइलचा पडदा नीट दिसत नाही, आणि दिसला तरी "त्यात समोर माणूस कुठाय?" असं विचारतात. म्हणून मी माळ्यावरून जुना डबा काढला. सईने वऱ्हाडी हत्तीकडे एकदा पाहिलं, त्याची चाल ऐकून घेतली आणि म्हणाली, "मामा, हे चीटिंग आहे."

तेव्हा नवा सेट घ्यायचं ठरलं. बजेट तीन हजार. ते मी ठरवलं, कारण पैसे माझे होते.

पहिली चूक केली ती घरबसल्या. मोबाइलवर फोटो पाहिला, चुंबकाचा घडीचा पट, सहाशे रुपये, टेबलभर दिसत होता. आला तो डब्याएवढा. राजा माझ्या करंगळीच्या दोन पेरांएवढा भरला. रेल्वेच्या प्रवासात अशा सेटला तोड नाही, डबा कितीही हलला तरी मोहरे जागचे हलत नाहीत. पण अण्णांच्या बोटांना त्यातलं प्यादं सापडलं नसतं. शिवाय मधल्या बिजागरीमुळे पट पूर्ण सपाट बसेना, एक बाजू किंचित वर राहायची. परत पाठवला.

मग मात्र मापं पाहिली. फिडेच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, हिशोबात राजा साधारण साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो, दुकानदारांच्या भाषेत पावणेचार इंच. पटावरचं एक घर पाच ते सहा सेंटिमीटरचं. मोजपट्टी नसली तर एका घरात चार प्यादी दाटीवाटीने मावतात का पाहायचं. मावली तर ठीक. चारही आत मोकळी फिरायला लागली तर पट मोठा, कडेच्या बाहेर आली तर मोहरे जाडे. हे कळल्यावर मी पुढच्या दुकानात फारच जाणकार माणसासारखा शिरलो.

दुकान रावपुऱ्यात. वर टांगलेल्या बॅटी, खाली कॅरमची पावडर, मध्ये मालक. "लाकडानुं जोईए के प्लास्टिकनुं?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चार डबे काढून ठेवले.

पहिला डबा चकचकीत. एवढं व्हार्निश, की वरची ट्यूबलाइट वजिराच्या पोटात दिसत होती. स्पर्धेला असे चमकणारे मोहरे का नको म्हणतात ते तिथेच कळलं. दहा मिनिटं बघत बसलं तर डोळे दुखावेत. दुसऱ्या डब्याच्या पटावर अक्षरं आणि आकडे छापले होते. सईने तो पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "हा चुकलाय." खेळणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं, इथे काळं येत होतं. मालकाने शांतपणे पट एक वळण फिरवला. "लो, थई गयुं." पांढरं घर आलं खरं, पण ए-बी-सी-डी आता भिंतीकडून बसलेल्यांसाठी झालं. तिघेही आम्ही त्या पटाकडे जरा वेळ बघत राहिलो.

तिसऱ्या डब्यातले घोडे निघाले तेव्हा मला संखेड्याचा खरादी आठवला. चार घोडे, चार जाती. एक उंदराचा, एक बहुधा मगरीचा, आणि उरलेले दोन मालकालाही ओळखता येईनात. "डायनोसॉर," सई म्हणाली. बाकीचे मोहरे मात्र ठीकठाक, वळणदार, एकसारखे होते. बुद्धिबळाचा सेट पारखायचा तर राजाकडे, पटाकडे, डब्याच्या मखमलीकडे न बघता सरळ घोडा उचलावा, हे माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. बाकी सगळं फिरत्या लाकडातून निघतं, तिथे हात थोडा कच्चा असला तरी निभावतं. घोड्यापाशी कारागिराची मजुरी वाचवली की लगेच दिसतं. कान दोन वेगळे आहेत का, आयाळ कोरली आहे की नुसत्या चार रेघा ओढल्या आहेत, नाकपुडी आहे का, आणि चारही घोडे एकाच आईचे वाटतात का. एवढं पाहिलं की पुढचं बरंचसं आपोआप पाहून होतं.

तसाही पटावर नावाला जागणारा घोडा एकटाच. आपल्या हत्तीला सोंड नाही, तो खरा बुरूज आहे. उंटाला मदार नाही. त्याच्या डोक्यावरचा काप म्हणजे ख्रिस्ती बिशपच्या टोपीची खूण. आपण ज्याला वजीर म्हणतो ती तिकडे राणी. हे रूप लंडनचं आहे. नॅथनिएल कुक ह्यांच्या नावावर १८४९ मध्ये नोंदवलं गेलं, जॅक्सच्या कारखान्यात तयार झालं आणि त्या काळातला नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टॉन्टन ह्याच्या नावाने विकलं गेलं. (त्याच सुमारास रावपुऱ्यातल्या वाड्यात भाऊ तांबेकर बडोद्याची दिवाणगिरी करत होते. त्यांच्या भिंतींवरची चित्रं अजून बघायला मिळतात, घोड्यांसकट.) त्याआधीचे मोहरे उंच, सडपातळ आणि मनोऱ्यासारखे असत, पटकन कलंडत, आणि कोण कुठला हे ओळखायला वेळ लागे. स्टॉन्टनचा सेट बुटका, रुंद बुडाचा. त्यातला घोडा ग्रीसच्या पार्थेनॉनवरच्या शिल्पातून घेतला असं म्हणतात. आज जगभर जाणाऱ्या लाकडी सेटांपैकी पुष्कळसे अमृतसरला हाताने घडतात. म्हणजे घोडा ग्रीसचा, कागद लंडनचा आणि हात पंजाबी. हत्ती-उंट मात्र आपण त्याच्या आधीपासून म्हणत होतो आणि म्हणतच राहिलो.

चौथा डबा प्लास्टिकचा. नऊशे रुपये, सोबत गुंडाळायचा रेक्झिनचा पट. उघडला आणि माझी पंचाईत झाली, कारण तो चांगला होता. बुडात वजन भरलेलं, घोडे चौघेही घोडे, रंग मंद, पडला तरी फुटायचा नाही. स्पर्धांना असलेच सेट मांडतात. शिकणाऱ्या मुलासाठी कोणी मला विचारलं तर मी हाच सांगेन, आणि लाकडाचा हट्ट धरणाऱ्याला समजावेनही. तीन हजारांच्या आत वाईट लाकडापेक्षा चांगलं प्लास्टिक केव्हाही सरस.

पण अण्णा मोहरे हाताने बघतात. डोळ्यांनी धूसर दिसतं, म्हणून खेळीआधी बोट डोक्यावरून फिरवतात. प्लास्टिक त्यांच्या हातात ठेवायला माझं मन होईना.

"एक वस्तू छे," मालक म्हणाला आणि आतून कापडी पिशवी घेऊन आला. नुसते मोहरे, पट नाही. फिकट पिवळे ते बॉक्सवुडचे, गडद ते शिशमचे. शिशम म्हणजे आपल्या आजीच्या पाटाचा शिसव नव्हे, त्याचा चुलतभाऊ. आबनुसाचे काळे मोहरे आमच्या खिशाबाहेरचे. आणि फिकट लाकडाला काळा रंग देऊन आबनुसासारखे दिसणारे मिळतात, ते मला नको होते; घामाच्या हातांना रंग उडतो आणि कडा पांढऱ्या दिसायला लागतात. शिशमला रंगच नाही, तर उडणार काय?

मी राजा कानाशी नेऊन हलवला. मालक हसला, पण ह्याला कारण आहे. बुडाला भोक पाडून आत लोखंडाचा तुकडा बसवतात आणि खाली हिरवी बनात चिकटवतात. तुकडा सैल बसला असेल तर आत खुळखुळतो, आणि पुढे एक दिवस बनात फाडून बाहेर येतो. बत्तीस मोहरे मी एकेक करून हलवले. एक उंट खुळखुळला, तो मालकाने बदलून दिला. मग बनातीच्या कडेने लाकडाला चीर आहे का पाहिलं. लाकूड नीट सुकलेलं नसेल तर बडोद्याच्या एका मे महिन्यात ते सांगून टाकतं.

मोहरे तेवीसशे पन्नास, रेक्झिनचा पट तीनशे. लाकडी पटाला मालक आणखी दोन हजार सांगत होता. मोहरे दिवसभर हातात असतात, पट नुसता खाली पडलेला असतो. पैसे कुठे वाचवायचे हा प्रश्नच नव्हता. उरलेल्यात आम्ही शेव-उसळ खाल्ली. सईला ती तिखट लागली, तरी तिने पाव वाढवून घेतला.

घरी अण्णांनी पिशवी मांडीवर रिकामी केली. राजा हातात धरून तोलला, काही बोलले नाहीत. घोडा घेतला, अंगठा आयाळीवरून नाकापर्यंत नेला, मग दुसरा घोडा, मग तिसरा, मग चौथा. "चारही आहेत," म्हणाले. दोन वजीर जास्तीचे निघाले ते त्यांना पटेनात. त्यांच्या जुन्या देशी खेळात प्यादं पलीकडे पोचलं की ज्या रांगेत पोचेल तिथला मोहरा व्हायचं. उठसूट वजीर होणं त्यांना दिवाळखोरी वाटते. सईने समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं, आणि जादा वजीर पिशवीत परत घातले.

डाव मांडला. काळे अर्थातच अण्णांकडे, म्हणजे ह्या वेळी तपकिरी. दोनदा सईने मोहरा उचलून परत ठेवला आणि दोन्ही वेळा अण्णा म्हणाले, "हात लावला की खेळायचं." मोबाइलला ही शिस्त नाही. तिसऱ्यांदा तिने हात पाठीमागे बांधून विचार केला. आणि छान खेळली. विसाव्या खेळीच्या आसपास अण्णांचा वजीर तिच्या उंटाच्या माऱ्यात आला, पळायला जागा नाही, मध्ये घालायला काही नाही. अण्णा बराच वेळ बोटांनी पट चाचपत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यातला हत्ती उचलला, दोन घरं सरळ, एक घर बाजूला, आणि तिच्या उंटावर नेऊन ठेवला.

"आजोबा! हत्ती आहे तो!"

अण्णांनी हत्तीवरून बोट फिरवलं.

"हा तिसरा," ते म्हणाले.