चावी अकराव्या मजल्यावर

लालबाग-परळ भागात घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देणं हे माझं काम. रुग्ण बहुतेक सत्तरीच्या पुढचे, आणि त्यातही खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या बायका जास्त. ज्या आजींबद्दल लिहिते आहे, त्यांचंही ऑपरेशन झालं होतं, चाळीत राहत असताना. त्यातून त्या चांगल्या उभ्या राहिल्या. पुढे शेजारच्या मोकळ्या जागेत टॉवर बांधून झाला, चाळ रिकामी झाली आणि आजी सतराव्या मजल्यावर गेल्या.

चाळीतली त्यांची खोली इतकी लहान की वॉकर घेऊन वळताच यायचं नाही. म्हणून आमचा व्यायाम गॅलरीत चालायचा. सुरुवातीला शेजारच्या दारापर्यंत, मग त्याच्या पुढच्या. दारं सगळी उघडी, आणि प्रत्येक दारातून कुणीतरी विचारणार, "काय आजी, आज कुठपर्यंत?" त्यांना जायचं असायचं ते टोकाच्या खोलीत, वहिनींकडे. या दोघींनी मिळून खाणावळ चालवली होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातल्या ज्या खाणावळवाल्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, त्या पिढीतल्या या बायका. १९८२ च्या संपात यजमानांची गिरणी गेली ती गेलीच. त्यानंतर दोन्ही घरं याच दोघींनी ओढली.

पण चाळीचे गोडवे गायला मी तयार नाही. संडास गॅलरीच्या टोकाला आणि सगळ्यांना मिळून. रात्री उठावं लागू नये म्हणून आजी संध्याकाळनंतर पाणी पीत नसत. या भागातल्या कितीतरी म्हाताऱ्या बायका हेच करतात. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठता होते, सकाळी उठताना चक्कर येते. आजींचा खुबा मोडला तोही रात्री संडासहून परतताना, ओल्या फरशीवर पाय घसरून. त्याच चाळीत वरच्या मजल्यावर अर्धांगवायू झालेले एक काका होते. लिफ्ट नसल्यामुळे ते वर्षानुवर्षं खाली उतरलेच नव्हते. त्यामुळे टॉवरमध्ये घरातच संडास, भिंतीला धरायचे दांडे, सपाट फरशी आणि लिफ्ट हे सगळं पाहून मला मनापासून बरं वाटलं होतं.

आमच्याकडे एक साधी चाचणी असते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत यायचं आणि बसायचं. याला १२ सेकंदांहून जास्त वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असं आम्ही धरतो. चाळ सोडताना आजींना १६ सेकंद लागत होते. टॉवरमध्ये आल्यावर काही महिन्यांतच ते २७ वर गेले. खुब्याचा एक्स-रे ठीक होता आणि नवं दुखणंही काही नव्हतं. घरं सोडतीने मिळाली होती, त्यामुळे वहिनी गेल्या अकराव्या मजल्यावर. लिफ्टचं दार अंगावर मिटेल अशी आजींना धास्ती, आणि एकटीने जायचं नाही अशी मुलाची ताकीद. मग पलंग ते सोफा, सोफा ते मोरी, एवढंच चालणं उरलं.

त्या दिवशी मी अकराच्या सुमारास पोचले. बेल वाजवली, कुणी दार उघडेना. पुन्हा वाजवली, तर आतून बारीक आवाज आला, "पडलेय गं बाय. दार नाय उघडता येत."

दाराला लॅच. मुलगा ऐरोलीला कामावर, सून अंधेरीला. कुणीही निघालं तरी तासाभराच्या आत पोचणार नव्हतं. आजींचा मोबाइल हॉलमध्ये चार्जिंगला लावलेला. फ्रिजवर ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ हा नंबर चिकटवलेला होता, पण फोन हाताशी असेल तर त्याचा उपयोग. मजल्यावरच्या बाकी घरांपैकी दोन बंद होती. तिसऱ्यातून एक तरुण मुलगी बाहेर आली. समोर कोण राहतं हे तिला ठाऊक नव्हतं, पण तिने धावपळ मात्र खूप केली.

मी दाराला तोंड लावून विचारत राहिले. डोकं आपटलं का? दोन्ही पाय एकसारखे लांब दिसतात का? एखादं पाऊल बाहेरच्या बाजूला कललंय का? खुबा पुन्हा मोडला असता तर पाय आखूड दिसला असता आणि पाऊल बाहेर पडलं असतं. "नाय, दोनी सारखेच," आजी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "चावी वैनीकडं हाय."

चाळीतल्या सवयीने त्यांनी दुसरी चावी वहिनींना देऊन ठेवली होती. घरात कुणाला पत्ता नव्हता. वहिनी अकराव्यावर हे मला माहीत होतं, पण कुठल्या फ्लॅटमध्ये? वॉचमनच्या रजिस्टरमध्ये फ्लॅट नंबर आणि मालकांची नावं. वहिनींच्या मुलाचं नाव मला ठाऊक नाही, आणि "टोकाच्या खोलीतल्या वहिनी" अशी नोंद कुठल्या रजिस्टरमध्ये असते? अकराव्यावर जाऊन एकेक बेल वाजवायची म्हणून मी लिफ्टकडे निघाले, तेवढ्यात कचरा गोळा करणारी बाई लिफ्टमधून बाहेर आली. मी काय ते सांगताच ती म्हणाली, "अकराव्यावरच्या आजी ना? त्या रोज विचारतात मला, सतराव्यावरची कशी आहे म्हणून. आणि या विचारतात, ती जेवली का."

या दोन मैत्रिणींचे निरोप ती बाई रोज कचऱ्याच्या डब्यांबरोबर मजल्यामजल्यांवरून पोचवत होती. आम्हा कुणालाच, घरच्यांनासुद्धा, ते माहीत नव्हतं.

काही मिनिटांतच ती वहिनींना धरून वर घेऊन आली. चावी पदराच्या गाठीत होती.

सगळे कामावर गेल्यानंतर लगेचच आजी पडल्या होत्या, म्हणजे दोन तासांहून जास्त वेळ त्या फरशीवर होत्या. पडण्याइतकंच हे पडून राहणं घातक असतं. तासभर उलटला की दाबाखालची कातडी खराब होऊ लागते, स्नायू चेंगरून त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. आजींची टाच लालभडक झाली होती, मनगट सुजलं होतं. हॉस्पिटलमध्ये नेलं, एक्स-रे काढला. हाड मोडलेलं नव्हतं.

एका प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट मला त्या संध्याकाळी आठवली. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसं दगावली, त्यात एकटे राहणारे म्हातारे पुष्कळ. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लायनेनबर्ग यांनी तिथल्या एकमेकांना लागून असलेल्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. एकीत मृत्यू खूप, दुसरीत अगदी थोडे. दुसरीत रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती. म्हातारी माणसं घराबाहेर पडत होती आणि लोकांच्या नजरेत राहत होती.

मी आजींच्या उपचाराचं उद्दिष्टच बदललं. मांडीचे स्नायू बळकट करणं वगैरे कागदावर राहिलंच, पण सर्वांत वर लिहिलं: अकराव्या मजल्यावर वहिनींकडे जाणं. त्याचे तुकडे पाडले. उंबरा ओलांडणं. लिफ्टचं दार उघडं धरून ठेवायचं बटण ओळखणं. वॉकर आत नेऊन त्या तेवढ्याशा जागेत वळणं. पहिले काही दिवस त्या दार उघडलं की मागेच सरकायच्या. मी आत उभी राहून बटण दाबून धरायचे.

कचरेवाल्या ताईंशीही बोलले. साडेदहाला बेल वाजवायची, आजींचा आवाज ऐकायचा, नाही आला तर मुलाला फोन करायचा. मुलगा म्हणाला, "त्या माणुसकीनेच करतील." मी त्याला स्पष्ट सांगितलं की हे काम आहे आणि याचे महिन्याला पैसे द्यायचे. या शहरात म्हाताऱ्यांची काळजी अशाच बायकांच्या फुकटच्या माणुसकीवर चालते, आणि त्यांच्या स्वतःच्या म्हातारपणाची सोय कुणी करत नाही. त्याने ऐकलं आणि पैसे सुरू केले.

आजींचा वेळ १९ सेकंदांवर आला आहे. १६ वर परत जाईल असं वाटत नाही. दुपारी चारला दोघी वहिनींकडे बसतात. लिफ्टजवळ दोन खुर्च्या ठेवा असं मी सोसायटीला सुचवलं होतं, पण आगीच्या वेळी वाट मोकळी हवी म्हणून नकार आला, आणि ते बरोबरच आहे.

नव्या रुग्णाकडे गेले की आता बाथरूममधले दांडे आणि पायातल्या चपला तपासल्यावर मी आणखी तीन गोष्टी विचारते. दुसरी चावी कुणाकडे आहे, आणि घरच्यांना ते माहीत आहे का? तुम्ही सकाळी उठला नाहीत तर ते पहिल्यांदा कुणाच्या लक्षात येईल, आणि किती वाजता? तुम्हाला कुणाच्या दारापर्यंत चालत जायचंय?

पुढच्या महिन्यात वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आहे. त्या घरी आल्या की दुपारचं जेवण आपण नेणार, असं आजींनी जाहीर केलंय. वॉकरला दोन्ही हात लागतात, म्हणून सध्या मी त्यांना काठीवर आणते आहे. खुबा उजवा, म्हणून काठी डाव्या हातात. डबा उजव्या.