महिन्यांचा आलेख काढण्याआधी

आजारांची किंवा आत्महत्यांची महिनावार आकडेवारी हाती आली की पहिला मोह होतो बारा खांबांचा आलेख काढायचा. त्यात फेब्रुवारी हमखास बुटका दिसतो. दिसणारच, त्याला दिवसच २८. रोज १० नोंदी होणाऱ्या जिल्ह्यात फेब्रुवारीत २८० भरतात आणि मार्चमध्ये ३१०. कागदावर वाढ जवळपास ११ टक्के, प्रत्यक्षात शून्य. म्हणून महिन्याचा आकडा आधी त्या महिन्याच्या दिवसांनी भागायचा आणि मग ३०.४२ ने (३६५ भागिले १२) गुणायचा. ऋतूचा खरा परिणामही दहा टक्क्यांच्याच आसपास असेल, तर एवढी एक चूक सगळा निष्कर्ष गिळते.

मग तारीख. तापाच्या रुग्णामागे निदान तीन तारखा असतात: ताप आला तो दिवस, रक्त घेतलं तो आणि अहवाल आला तो. ऋतू शोधायचा तर पहिलीच धरावी. मृत्यूनोंदणीला कायद्याने २१ दिवसांची मुदत आहे, त्यामुळे नोंदणीच्या तारखेवर बेतलेला आलेख सहज पुढच्या महिन्यात सरकतो.

पावसाळी आजारांत हे सरकणं फार महाग पडतं. लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात येतात आणि पायाच्या जखमेतून थेट शरीरात शिरतात. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांत दिसतात. म्हणजे पाणी तुंबल्यावर दुसऱ्या आठवड्यात रुग्ण. डेंग्यूची वाट लांबची. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस. त्या डासाने बाधित माणसाला चावायचं, मग विषाणू डासाच्या अंगात मुरायला आणखी ८ ते १२ दिवस, आणि तो डास दुसऱ्याला चावल्यावर ताप यायला ४ ते १० दिवस. एका फेरीलाच महिना निघून जातो, आणि साथ भडकायला अशा दोन-तीन फेऱ्या लागतात. म्हणून जूनच्या पावसाचा डेंग्यू सप्टेंबर-ऑक्टोबरात दिसतो. ‘त्याच महिन्याचा पाऊस आणि त्याच महिन्याचे रुग्ण’ अशी जोडी लावली तर डेंग्यूचा पावसाशी संबंधच नाही, असं उत्तर मिळेल!

त्यात तपासणीचाही घोळ. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी), त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिपिंडं शोधणारी). किट बदललं किंवा मोहीम काढून तपासण्या दुप्पट केल्या, तर रुग्णही वाढलेले दिसतात. दर शंभर तपासण्यांमागे बाधित किती, हे शेजारी लिहिलेलं बरं.

फ्लूला आपल्याकडे दोन उंचवटे असतात, एक पावसाळ्यात आणि एक जानेवारी ते मार्च. वर्षाला एकच लाट गृहीत धरणारं सूत्र त्यावर बसवलं की दोन्ही सपाट होतात. सहा महिन्यांची लाटही जोडावी लागते. आणि तालुक्याच्या पातळीवर महिन्याला ९ नोंदी असतील तर निव्वळ योगायोगाने ६ किंवा १२ होतात. किमान पाच वर्षं एकत्र करा, कोविडची २०२० आणि २०२१ वेगळी ठेवा.

आत्महत्यांबाबत काळोख्या थंडीवर खापर फोडायची सवय जुनी. आकडे मात्र तसं सांगत नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीमने १८९७ मध्येच दाखवलं होतं की युरोपात आत्महत्या हिवाळ्यात नव्हे, वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला वाढतात. दक्षिण गोलार्धात महिने उलटतात, ऋतू तोच राहतो. यामागे सूर्यप्रकाश की माणसांच्या कामाचं वेळापत्रक, हा वाद अजून मिटलेला नाही, आणि एकच कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

वेळापत्रकाचा हात जपानमध्ये स्वच्छ दिसतो. १९७२ ते २०१३ या काळात १८ वर्षांखालच्या १८,०४८ मुलांनी आत्महत्या केल्या. म्हणजे वर्षाच्या प्रत्येक तारखेच्या वाट्याला सरासरी ४९. पण १ सप्टेंबरला, उन्हाळी सुट्टी संपून शाळा उघडते त्या दिवशी, १३१. महिन्याच्या खांबात हा सुळका बाकीच्या २९ दिवसांत विरघळून जातो.

आपल्याकडे तारखाच हलतात. दिवाळी २०२३ मध्ये नोव्हेंबरात होती, २०२५ मध्ये ऑक्टोबरात. दहावीचा निकाल २०२३ ला २ जूनला लागला, २०२४ ला २७ मेला, २०२५ ला १३ मेला. विद्यार्थ्यांचा धोका पाहायचा तर निकालाचा दिवस शून्य धरून मागचे-पुढचे चौदा दिवस मोजावेत. ‘मे विरुद्ध जून’ ही तुलना निरर्थक.

शेतकरी आत्महत्यांच्या महसुली तक्त्यात आणखी एक खाच आहे: सरकारी मदतीला पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित. ताज्या महिन्यांची प्रकरणं बरीचशी प्रलंबितच असतात, त्यामुळे फक्त ‘पात्र’चा रकाना बेरजेला घेतला की शेवटचे दोन-तीन महिने उतरते दिसतात आणि ‘आत्महत्या घटल्या’ अशी बातमी होते. तिन्ही रकाने मिळवा, घटनेच्या तारखेने लावा आणि ताजे महिने तुटक रेषेने काढा.

धोक्याचा आठवडा आधीच माहीत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत, चोवीस तास चालणारा क्रमांक शाळेने निकालाच्या आदल्या दिवशीच पालकांच्या ग्रुपवर टाकावा. दिवस ठरलेला असतो, महिन्याच्या आलेखाची वाट पाहावी लागत नाही.