एस्टीमसाठी बॅटरी घेताना

ऑटोक्रॉससाठी (मोकळ्या मैदानात आखलेल्या वाटेवर घड्याळाविरुद्धची शर्यत) मारुती एस्टीममधून मागचं सीट, गालिचे, एसी असं सगळं काढलं, तेव्हा बॉनेटखालची लेड-अ‍ॅसिड बॅटरी डोळ्यांत खुपायला लागली. चांगली दहा किलोच्या आसपास! त्याच कामाची लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी अडीच-तीन किलोत येते. मोह होणारच.

तरी मी छोटी एजीएम (लेड-अ‍ॅसिडचाच सीलबंद प्रकार) घेतली. जुन्या गाडीचा रेग्युलेटर (अल्टरनेटरचं, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राचं, व्होल्टेज आवरणारा भाग) कधी दगा देईल सांगता येत नाही. व्होल्टेज 14.6 च्या बरंच वर गेलं, की लिथियमचा बीएमएस (बॅटरीतलं संरक्षक सर्किट) बॅटरी वाचवायला तिची जोडणी तोडतो. चालू इंजिनात बॅटरीची जोडणी तुटली, तर अल्टरनेटरचा झटका थेट ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, बसू शकतो. एजीएममधलं अ‍ॅसिड काचतंतूंच्या चटईत मुरलेलं असतं, गाडी उलटली तरी सांडत नाही. म्हणून ती बिनधास्त डिकीत टाकली. पुढची चाकं तेवढीच हलकी झाली.

घेताना अँपिअर-अवरपेक्षा सीसीएचा (थंडीतही बॅटरी स्टार्टरला किती करंट देते त्याचा) आकडा बघा, स्टार्टर त्यावरच फिरतो. डिकीपर्यंतची केबल मात्र जाड तांब्याचीच हवी, आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) हवाच. तिथलं इन्सुलेशन घासलं गेलं, तर आग ठरलेली.