कपाटात शून्य, बाहेर तीन

सुट्या भागांच्या स्टोअरचा ताबा माझ्याकडे आला, तेव्हा कूलिंग पंपाच्या मोटरचं बिन कार्ड, म्हणजे साठ्याची नोंद, शून्य दाखवत होतं. रिऑर्डर लेव्हल, म्हणजे ज्या संख्येला साठा आला की नवी मागणी काढायची ती, होती 2. मी लगेच दोन नव्या मोटरींची मागणी पाठवली. आठवड्याभराने वर्कशॉपच्या मागे गेलो, तर ताडपत्रीखाली तीच मोटर पडलेली. टर्मिनल बॉक्स उघडा, शाफ्टची चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) गायब, टॅग नाही. आणखी दोन रिवाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारा नव्याने गुंडाळायला, गेल्या होत्या. त्यांचे गेटपास मेंटेनन्सच्या फायलीत होते, स्टोअरच्या नोंदीत नव्हते. स्पेअर मोटरी तीन होत्याच, पण माझ्या कार्डाला त्या दिसतच नव्हत्या.

ऑइल सील वापरला की संपला, त्याला रिऑर्डर लेव्हल पुरते. मोटर मात्र बिघडली की पंपावरून उतरते, दुरुस्त होते आणि परत येते. म्हणून कार्डावर तीन रकाने पाडले: तयार, बिघडलेल्या पण न पाठवलेल्या, दुरुस्तीला गेलेल्या. तिन्हींची बेरीज कायम तीच राहायला हवी. ती घटते फक्त मोटर भंगारात काढल्यावर, आणि नवी खरेदी तेवढ्यापुरतीच. मागणी मी मागे घेतली.

मग प्रश्न आला, तीन पुरतात का? सगळे पंप मिळून वर्षाला सरासरी 8 मोटरी उतरतात आणि उतरल्यापासून दुरुस्त होऊन परत येईपर्यंतची एक फेरी पूर्ण व्हायला 3 महिने लागत होते. म्हणजे कोणत्याही दिवशी सरासरी 2 मोटरी बाहेर. पॉयसाँच्या गणिताने, म्हणजे सरासरीवरून एका वेळी किती मोटरी बाहेर असतील याची शक्यता काढणाऱ्या सूत्राने, पाहिलं, तर 3 स्पेअरवर कपाटात किमान एक तयार मोटर असण्याची शक्यता साधारण 68 टक्के, चौथी घेतली तर 86. पण 3 च ठेवून फेरी दीड महिन्यावर आणली, तर तीच शक्यता 92 टक्के होते! हा आकडा मी तीनदा तपासला. नवी मोटर घेण्यापेक्षा फेरी आखडण्यात जास्त फायदा होता.

गेटपासच्या तारखा लावून बघितल्या. प्रत्यक्ष वाइंडिंगला जेमतेम दोन-अडीच आठवडे लागत होते. बाकीचे दिवस मोटर कोपऱ्यात पडून, नाहीतर दुरुस्तीच्या खर्चाच्या मंजुरीसाठी अडकलेली.

आता जुनी मोटर टॅगसह जमा केल्याशिवाय दुसरी मिळत नाही. रात्रीच्या ब्रेकडाउनला चोवीस तासांची सवलत आहे. फिटर मंडळींना हे जाचक वाटलं आणि त्यांची अडचण खरी होती: पंप बंद असताना टॅग कोण भरणार? म्हणून टॅगवर चारच गोष्टी ठेवल्या: मोटर नंबर, पंप नंबर, तारीख, लक्षण. जमा होताच तपासणी होते. स्टेटरचा, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागाचा, गाभा जळाला असेल तर रिवाइंड न करता ती मोटर भंगारात जाते आणि त्याच दिवशी खरेदीची मागणी निघते. ठरलेल्या रकमेपर्यंतच्या दुरुस्तीला वेगळी मंजुरी लागत नाही.

गेल्या महिन्यात पहाटे एक मोटर उतरली. सकाळी आलो तेव्हा ती काउंटरशेजारी होती, टॅग भरलेला, आणि शाफ्टची चावी त्याच टॅगला तारेने बांधलेली.