चिखल, पाणंद आणि उडी: एटीव्ही घेण्याआधी आपलं रान बघा

एकच एटीव्ही, म्हणजे हँडलवर चालणारी रानातली चारचाकी, चिखलातून निघेल, पाणंदीत पळेल आणि उड्याही मारेल असं दुकानदार सांगायला लागला, तर त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. वजन किती, आणि शॉकअपला चाक वर-खाली किती इंच जातं. पोलारिस स्पोर्ट्समन 570 सारखी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकं ओढणारी गाडी सव्वातीनशे किलोच्या आसपास भरते आणि तिच्या चाकाला पुढे 8.2 आणि मागे 9.5 इंच हालचाल मिळते. यामाहा वायएफझेड 450 आर ही उड्यांसाठीची स्पोर्ट गाडी पेट्रोल-ऑइलसकट 184 किलो, पुढे 9.8 आणि मागे 11 इंच. पहिलीला उडी मारायला लावली तर खाली येताना ते सगळं वजन अॅक्सलच्या सांध्यांवर आणि चाक धरणाऱ्या बॉल जॉइंटवर आदळतं. दुसरीला फक्त मागची चाकं ओढतात, त्यामुळे ती भाताच्या रानात घातली की पोटापर्यंत रुतते. हा कंपनीचा दोष नाही, कामंच वेगळी आहेत.

म्हणून आधी माती बघायची, गाडी नंतर. आपल्या बेळगाव भागात ती पन्नास-साठ किलोमीटरवर पार बदलते. कणकुंबीकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तर अथणीला सहाशेच्या आतबाहेर. खानापूर, जांबोटीकडे तांबडी माती आणि खाली जांभा. अथणी, रायबाग, सौंदत्तीकडे काळं रान. दोन्हीकडे लोक ‘चिखल’च म्हणतात, पण टायरला तो एक नाही.

काळ्या मातीचा पातळ राडा तितकासा त्रास देत नाही, चाक जोरात फिरलं की उडून जातो. खरी पंचाईत पावसानं दोन दिवस उघडीप दिल्यावर होते. माती कणकेसारखी घट्ट होते, टायरच्या नक्षीत बसते, मग मडगार्ड आणि चाकाच्या मधे साचते आणि शेवटी चाक फिरायचंच थांबतं. इथे सव्वा ते दीड इंच उंच आणि एकमेकांपासून लांब-लांब असलेल्या गुट्ट्यांचा (नक्षीच्या उंचवट्यांचा) टायर लागतो. टायर आणि मडगार्डमध्ये चार बोटं जागा राहते का, हे गाडीवर माणूस बसवून बघा, रिकाम्या गाडीवर नको.

तांबड्या मातीत उलट. वर बोटभर शेवाळासारखा निसरडा थर, खाली टणक जांभा. उंच गुट्ट्या त्या जांभ्यावर नुसत्या टोकांवर उभ्या राहतात आणि वळणावर गाडी आडवी सरकते. इथे पाऊण ते एक इंच गुट्ट्या, रबर मऊ आणि हवा 4 ते 5 पीएसआय. जांभ्याची धार टायरची बाजू फाडते, म्हणून 6 प्लायपेक्षा (टायरच्या आतल्या थरांपेक्षा) कमी घेऊ नका. भाताच्या खाचराची तऱ्हा तिसरीच. चिखलणी करून करून वीतभर खाली जमीन कडक झालेली असते. तिथे उंच आणि अरुंद टायर खाली जाऊन त्या कडक थराला धरतो, रुंद टायर वरच्यावर घसरत राहतो. मालकाला विचारल्याशिवाय खाचरात जाऊ नये आणि बांध तर अजिबात तुडवू नये, हे वेगळं सांगायला नको.

पाचशे सीसीच्या गाडीला कंपनीकडून 25 इंची टायर येतात. चिखलासाठी 26 घाला. 28 घातले की फोटो चांगला येतो, पण बेल्टवर ताण वाढतो. क्लचमधली वजनं बदलल्याशिवाय तो बेल्ट टिकत नाही.

बेल्टबद्दल जरा सविस्तर, कारण पावसाळ्यात गॅरेजला येणारं मोठं दुखणं हेच. युटिलिटी, म्हणजे कामाच्या फोर बाय फोर एटीव्हीत बहुतेक वेळा गिअरऐवजी दोन पुली आणि एक रबरी बेल्ट असतो, स्कूटरसारखाच पण जाडजूड. गाडी रुतली आणि तुम्ही हाय रेंजमध्ये (पळायच्या गिअरमध्ये) रेस देत बसलात की मागची पुली थांबलेली आणि पुढची फिरतेय अशी स्थिती होते. बेल्ट एकाच जागी घासून तिथे पातळ होतो. नंतर गाडी उठताना धक्का बसतो, तो त्या पातळ जागेचाच. चिखल दिसला की आत शिरण्याआधी लो रेंज (ओढायचा गिअर) टाका, मधे जाऊन नको. ओढ्यात पाय ठेवायच्या फळीच्या वर पाणी जाऊ देऊ नका. बेल्टच्या खोक्यात पाणी गेलंच तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. बाहेर काढा, न्यूट्रलमध्ये ठेवा, खोक्याच्या तळाचा बूच काढून पाणी सोडा आणि दहा-पंधरा सेकंद थांबून-थांबून रेस द्या, हवेनंच तो सुकतो. नव्या बेल्टवर पहिले 80 किलोमीटर पूर्ण अॅक्सिलरेटर देऊ नये. एक बेल्ट आणि पुली उघडायचं हत्यार सीटखाली असूच द्या. होंडाच्या रँचरसारख्या गाडीत बेल्ट नसतो, गिअरच असतात. सतत पाण्यात काम असेल तर माझा कल तिकडे.

आता उडी. त्यासाठी स्पोर्ट गाडीच हवी: मागे एकसंध अॅक्सल, चेन, हाताचा क्लच. हवेत असताना अॅक्सिलरेटर दिला की नाक वर येतं, मागचा ब्रेक दाबला की खाली जातं. उतरताना थोडा अॅक्सिलरेटर चालू ठेवावा, शक्यतो उताराच्या बाजूला उतरावं. सपाटीवर आदळणं गाडीला आणि कमरेला सारखंच महाग. शॉकअप वजनाला लावून घ्या: गाडी उचलून चाकं नुसती टेकलेली असताना फ्रेमची उंची मोजा, मग हेल्मेट-बूट घालून बसा आणि पुन्हा मोजा. फरक एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश हवा, दहा इंचांना तीन-सव्वातीन. कमी भरला तर स्प्रिंग सैल करा, जास्त भरला तर आवळा. आवळूनही बसत नसेल तर स्प्रिंगच जाड घालावी लागते.

ऑनलाइन मिळणाऱ्या 110-125 सीसीच्या स्वस्त गाड्या सपाट अंगणात ठीक. त्यांच्यावर उडी मारली की पुढच्या आर्मचं (चाक फ्रेमला जोडणाऱ्या दांड्याचं) वेल्डिंग कडेनं तडकतं. तिथेच पुन्हा वेल्डिंग मारलं की शेजारी तडकतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीमलेस पाइपचा नवा आर्म बनवून मिळतो, बुश लेथवर काढून मिळतात, बेअरिंगही नंबर दाखवला की दुकानात सापडतं. बेल्ट आणि अॅक्सलचे सांधे मात्र मागवावेच लागतात, म्हणून गाडी ठरवण्याआधी हे दोन भाग किती दिवसांत येतात ते विचारा.

एकच गाडी परवडत असेल तर? पाऊणएक फिरणं चिखलात आणि पाणंदीत होणार असेल तर फोर बाय फोर घ्या आणि उडीचा नाद सोडा. घराजवळ मुरमाड माळ असेल तर स्पोर्ट घ्या आणि चिखलाला वळसा घाला. मधला म्हणून जो पर्याय दाखवतात, त्यात दोन्हीकडची दुखणी येतात.

कागदपत्रांचंही बघा. बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर परवानगी नसते, पिकअपमध्ये चढवूनच न्यावी लागते. स्पोर्ट्समन 570 ची ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारी आवृत्ती आपल्याकडे आली, तिच्या बाबतीत आरसी बुकावर नेमकं काय लिहिलंय ते वाचा. भीमगड अभयारण्यात किंवा वनखात्याच्या कुठल्याही हद्दीत गाडी घालायची नाही. एका सीटच्या गाडीवर मागे कुणाला बसवायचं नाही.

जुनी गाडी बघायला गेलात तर पुढचा भाग जॅकवर उचला. चाक वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावं-उजवं धरून हलवा, तिथे ढिलं लागलं तर टाय रॉड (चाक वळवणारा दांडा). डिफरन्शियलचा (अॅक्सलला ताकद देणाऱ्या गिअरच्या डब्याचा) तळाचा बूच थोडाच सैल करा: आधी पाणी आलं किंवा ऑइल दुधाळ दिसलं तर ती गाडी ओढ्यात बुडालेली आहे. एअर फिल्टर काढून त्याच्या आतल्या बाजूच्या नळीत बोट फिरवा. बोटाला माती लागली तर इंजिन उघडायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. आर्म जिथे फ्रेमला बसतो तिथे ताजा रंग दिसला, तर खरवडून बघू द्या म्हणा. मालक नको म्हणाला तर किल्ली परत द्या.