आमची वाटचाल: अँटेनाच्या पाइपापासून लिंकच्या हिशोबापर्यंत

आमच्या वर्कशॉपचं पहिलं उत्पादन म्हणजे दूरदर्शनची यागी अँटेना: एका आडव्या बूमवर ओळीने बसवलेले धातूचे दांडे. बँड थ्री, म्हणजे १७४ ते २३० मेगाहर्ट्झ. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. तिचा अर्धा घ्यायचा आणि पाइपाच्या जाडीसाठी पाचेक टक्के कमी करायचे. १७५ मेगाहर्ट्झला डायपोल, म्हणजे ज्याला वायर जोडतात तो दांडा, साधारण ८१ सेंटिमीटरचा येतो. मागचा रिफ्लेक्टर त्याहून थोडा लांब, पुढचे डायरेक्टर थोडे आखूड. साधा डायपोल मोकळ्या हवेत ७३ ओहमचा (हा इम्पिडन्स; तो वायरीशी जुळला तरच सिग्नल नीट जातो). शेजारी बाकीचे दांडे आले की हा आकडा बराच खाली येतो, म्हणून फोल्डेड, म्हणजे दुमडून बंद केलेला, डायपोल. तो ओहम चौपट करतो आणि चपट्या ३०० ओहमच्या वायरीशी जुळवून घेता येतं. पुढे केबल टीव्ही आला, छतांवरच्या अँटेना उतरल्या, आणि २०२२ पर्यंत दूरदर्शनचे बहुतेक ॲनालॉग ट्रान्समीटर बंद झाले. पण आमचे साचे आणि हा हिशोब कामाचेच राहिले.

धंद्याला खरं वळण मिळालं ते ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ मध्ये विनापरवाना खुला झाल्यावर. मर्यादा १ वॅट ट्रान्समीटर आणि कॅरियरची रुंदी २०० किलोहर्ट्झ. व्हिडिओसाठी हा पट्टा निरुपयोगी, पण पाण्याची पातळी, पंप चालू-बंद, प्रेशर एवढं कळवायला भरपूर. आमच्या भागात नदीकाठी जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) आणि तीन-चार किलोमीटरवर माळावर डिलिव्हरी चेंबर (पाणी जिथे येऊन पडतं ती टाकी), अशा उपसा सिंचन योजना सगळीकडे. चेंबर भरल्याचा निरोप खाली आला नाही तर पाणी वाहून जातं आणि वीजबिल चढत राहतं. जमिनीतून टाकलेली सिग्नलची केबल नांगर आणि जेसीबी यांच्यापुढे टिकत नाही.

म्हणून दोन टोकांमध्ये रेडिओचा दुवा, म्हणजे लिंक. ४ किलोमीटरच्या लिंकचा हिशोब असा. मोकळ्या हवेतला तोटा म्हणजे ३२.४४ अधिक २० लॉग मेगाहर्ट्झ अधिक २० लॉग किलोमीटर. ८६६ मेगाहर्ट्झला तो १०३ डेसिबल येतो (डेसिबल हे पटीचं माप, दर १० डेसिबलला दहापट फरक). ट्रान्समीटर २० डीबीएम, म्हणजे १ मिलिवॅटच्या वर २० डेसिबल, म्हणजेच १०० मिलिवॅट. दोन्ही टोकांना ९ डीबीआय गेनची यागी (गेन म्हणजे अँटेना एका दिशेला सिग्नल किती एकवटते), दोन्हीकडे २० मीटर एलएमआर-४०० केबल, तिचा तोटा प्रत्येकी अडीच डेसिबल. बेरीज-वजाबाकी केली की समोर उणे ७० डीबीएम पोहोचायला हवेत. मॉडेम उणे ११० च्या आसपासही वाचतो, म्हणजे ४० डेसिबल हाताशी.

मग एवढी शिल्लक असूनही पावसाळ्यात लिंक का तुटते? ऊस. मे महिन्यात रान मोकळं असतं आणि पंपहाऊसच्या स्लॅबवर ३ मीटरचा पाइप उभा केला तरी सिग्नल पूर्ण येतो. ऑगस्टपर्यंत समोर तीन-साडेतीन मीटर उंच, ओल्या पानांची भिंत उभी राहते. दोन अँटेनांमधली सरळ रेषा मोकळी असून भागत नाही. तिच्याभोवतीचा फ्रेनेल झोन, म्हणजे लाट जाते तो मध्यावर फुगीर पट्टा, निदान ६० टक्के मोकळा लागतो. ४ किलोमीटरच्या मध्यावर हे ६० टक्के रेषेपासून ११ मीटर होतात, आणि पंपहाऊसपासून अवघ्या १०० मीटरवर साडेतीन मीटर. ऊस साडेतीन अधिक झोन साडेतीन, म्हणून नदीकडच्या टोकाला आम्ही जमिनीपासून ७ मीटरच्या खाली अँटेना बसवत नाही. पाहणीला कोणत्याही महिन्यात गेलो तरी उंची काढायची ती उभ्या उसाची.

यागी आम्ही अजूनही स्वतः बनवतो. १७५ मेगाहर्ट्झला २ मिलिमीटरची चूक पाव टक्का होती. ८६६ ला तीच सव्वा टक्का होते, म्हणजे जवळपास १० मेगाहर्ट्झ सरकणं. डायरेक्टर लांब राहिला तर तो रिफ्लेक्टरसारखा वागायला लागतो आणि गेन कोसळतो. म्हणून दांडे करवतीने कापून कानशीने मापाला आणतो आणि व्हर्नियरने तपासतो. दांडा धातूच्या बूममधून आरपार जात असेल तर त्याची लांबी थोडी वाढवावी लागते. पुस्तकातलं माप जसंच्या तसं घेणारे इथे फसतात. ॲल्युमिनियमवर लोखंडी बोल्ट लावायचा नाही, स्टेनलेसच लावायचा. कोकणच्या खाऱ्या हवेत तर हे पाळलंच पाहिजे.

एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती लाट परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) केबलच्या खालच्या टोकाला मोजून समाधान मानणं हा या धंद्यातला सर्वांत मोठा धोका. वीस मीटर आरजी-५८ केबल या फ्रिक्वेन्सीला सुमारे १० डेसिबल खाते. वर अँटेना जोडलेलीच नसेल तरी परत येणारी लाट जाताना १० आणि येताना १०, अशी २० डेसिबलने मरते, आणि मीटर १.२ दाखवतो. आकडा सुंदर, काम शून्य. म्हणून अँटेना वरच्या टोकाला, थेट तिच्या कनेक्टरवर मोजायची आणि केबलचा तोटा वेगळा मोजायचा. कनेक्टरवर आपोआप एकजीव होणारी रबर टेप ताणून, खालून वर गुंडाळायची, म्हणजे कौलांसारखी वरची घडी खालचीवर येते आणि पाणी ओघळून जातं. तिच्यावर उन्हापासून संरक्षणाला पीव्हीसी टेप. केबलला कनेक्टरखाली लोंबता वळसा ठेवायचा.

कारखान्यांची गट कार्यालयं, वजनकाटे आणि शाळा यांना इंटरनेट जोडायची कामं ५.८ गिगाहर्ट्झवर येऊ लागली, तेव्हा हिशोबाचं स्वरूपच बदललं. ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झला मर्यादा ३६ डीबीएमची आहे आणि ती अँटेनाच्या गेनसकट आहे. १२ किलोमीटरला तोटा १२९.३ डेसिबल. ६० सेंटिमीटरची डिश २८.६ डीबीआय देते. ३६ वजा १२९.३ अधिक २८.६, म्हणजे उणे ६५ डीबीएमच्या जवळ. २० मेगाहर्ट्झ रुंदीला रिसीव्हरचा स्वतःचा गोंगाट उणे ९५ धरला तर ३० डेसिबलचं अंतर मिळतं, ते चांगलं. ९० सेंटिमीटरची डिश लावा म्हणणाऱ्या ग्राहकाला आम्ही सांगतो की डिश वाढली तेवढी ट्रान्समीटरची पॉवर कमी करावी लागेल. फायदा फक्त ऐकण्याच्या बाजूला, साडेतीन डेसिबल, आणि मनोऱ्यावर वाऱ्याचा भार सव्वादोनपट. आजूबाजूला इतर लिंकची गर्दी असेल तरच अरुंद बीमसाठी तो खर्च करावा.

या लिंकला मध्यावर साडेसात मीटर फ्रेनेल मोकळीक लागते, वर पृथ्वीच्या गोलाईचे २.१ मीटर आणि झाडं वाढण्याची जागा. पावसाला मात्र उगाच दोष दिला जातो. तासाला ५० मिलिमीटरच्या धुवाधार पावसातही ५.८ गिगाहर्ट्झला किलोमीटरमागे अर्धा डेसिबलसुद्धा जात नाही. त्यापेक्षा हिवाळ्यात पहाटे, नदीच्या खोऱ्यात थंड हवा तळाशी साचते तेव्हा सिग्नल जास्त हेलकावतो.

डिशची दिशा लावताना ६० सेंटिमीटरचा बीम जेमतेम ६ अंशांचा असतो, आणि दोन्ही बाजूंना साधारण २० डेसिबल खाली साइडलोब, म्हणजे कमजोर उपशिखरं. तिथेही लिंक जोडली जाते, म्हणून माणूस बोल्ट आवळून खाली उतरतो. आम्ही दोन्ही बाजूंना पंधरा-वीस अंश फिरवून तिन्ही शिखरं नोंदवतो आणि मधल्यावर येतो. मग हेच वर-खाली.

काम सुपूर्द करताना ग्राहकाला जो कागद देतो त्यात हिशोबाचा आकडा आणि मोजलेला आकडा शेजारी शेजारी असतात. फरक तीन डेसिबलच्या आत हवा. सहाचा फरक म्हणजे वाटेत काहीतरी सरळ रेषेला टेकतंय. वीस-पंचवीसचा म्हणजे साइडलोब, नाहीतर एका टोकाची अँटेना उभी आणि दुसऱ्या टोकाची आडवी. पहिल्या पावसानंतर दिवसागणिक थोडा थोडा वाढत गेला तर कनेक्टरमध्ये पाणी. हा कागद पंप ऑपरेटरच्या खोलीतच चिकटवून ठेवायला सांगतो, कारण पुढच्या वेळी मनोऱ्यावर चढणारा माणूस आमचाच असेल असं नाही.