बांगडे डोंगर चढून आले

रविवारी गोव्यात कुठेही फिरायला जायचं नाही, हा आमचा नियम. कोल्हापूर-बेळगावच्या नंबरप्लेटी त्या दिवशी इतक्या असतात की समुद्राआधी पार्किंगच शोधत बसावं लागतं. मीही मूळची कोल्हापूरची, त्यामुळे फार बोलायला तोंड नाही. तर सगळ्यांनी जानेवारीतल्या एका सोमवारची रजा टाकली. या सोमवारानंच पुढे घोळ घातला.

बेत काकांचा. आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे सावंतवाडीचे काका शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, पण शिकवणं सुटलेलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की सकाळी नदीचं तोंड बघायचं आणि दुपारी तिच्याच डोंगरात जेवायला बसायचं, हे एका दिवसात आरामात जमवायचं तर गोव्याच्या दक्षिण टोकाचा काणकोण तालुका गाठावा. नदीचं नाव तळपण. लांबी सुमारे ३२ किलोमीटर. उगमापासून समुद्रापर्यंत तिचा सगळा संसार एकाच तालुक्यात. "ह्या नदीला दुसरं गाव माहीतच नाही," काका म्हणाले, आणि ते ऐकूनच मी हो म्हटलं.

आम्ही सहा जण. मी, नवरा, काका-काकी, बँकेतली मैत्रीण आणि कोल्हापूरहून आलेली तिची आई, जिला आम्ही सगळेच आई म्हणतो. सातवा ड्रायव्हर, काणकोणचाच. त्याच्या मावशीचं घर खोतीगावात, तिथे जेवण सांगून ठेवलेलं. हॉटेल नव्हे. आदल्या दिवशी कळवलं तर पाच-सात माणसांचं रांधतात, बस.

पणजीहून सहाला निघालो. मडगाव, मग कुंकळ्ळी. इथे काकांनी गाडीतल्या गाडीत १५८३ च्या पोर्तुगीजांविरुद्धच्या उठावाचा तास घेतला. तो करमळ घाटाच्या वळणांपर्यंत पुरला. वळणं सुरू झाल्यावर आईंनी डोळे मिटून रामरक्षा सुरू केली आणि काका गप्प झाले. घाट उतरलं की चावडी. चावडी हे काणकोणच्या बाजाराचंच नाव. तिथे उंडे आणि पातळभाजी खाल्ली. उंडो म्हणजे वरून कडक, आतून मऊ, गोल पाव. आईंनी एक खाल्ला, विचार केला, आणि म्हणाल्या, "मिसळीबरोबर हाच पाव पाहिजे होता." कोल्हापूरच्या माणसाकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

पूर्वी चावडीनंतर पुढचा रस्ता गावागावांतून नागमोडी जायचा. आता नव्या बायपासवरून लांबलचक पुलांवर गाडी चढते आणि खाली तळपण दिसते, रुंद, हिरवट, दोन्ही काठांना माड. पहिली भेट ही अशी, वरून. मग आम्ही गालजीबागला वळलो.

गालजीबागच्या किनाऱ्यावर गेल्यावर पहिल्यांदा जाणवतो तो आवाजाचा अभाव. गाणी नाहीत, मोटारबोटी नाहीत, सुरूच्या झाडांतून वारा तेवढा सू-सू करत असतो. कारण कासवं. गोव्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात ते मोजके किनारे: उत्तरेत मोरजी आणि मांद्रे, दक्षिणेत आगोंद आणि हा गालजीबाग. वनखातं घरटी शोधून त्यांना कुंपण घालतं. आम्हाला एक तसं कुंपण दिसलं. चार काठ्या, जाळी, आत साधी वाळू. आईंनी बराच वेळ वाकून पाहिलं. "कासव कुठंय?"

"कासवीण गेली की," काका म्हणाले. "रात्री येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि परत समुद्रात. मागे वळून बघत नाही."

"म्हणजे बाळंतपण करून माघारी जायचं. आणि पोरांचं?"

"वाळू उबवते. पंचेचाळीस ते साठ दिवस. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त."

हे ऐकून आई कुंपणाजवळच बसल्या. मला वाटलं त्या दमल्या, पण त्या वाळूवर तळहात ठेवून बघत होत्या. सकाळचे साडेआठ, वाळू गार. "मुलगे आहेत," त्यांनी निकाल दिला. काकांनी, ते दिवसाच्या आणि खोलीच्या सरासरी तापमानावर ठरतं वगैरे सांगायला तोंड उघडलं, पण काकींनी त्यांच्या दंडाला हात लावला. रत्नागिरीतल्या वेळासला कासवमहोत्सव पाहिलेल्यांना हे सगळं ठाऊक असेल. पण तिथे पिल्लं समुद्रात सोडताना पाहायला गर्दी असते. इथे आम्ही सहा जण आणि कुंपण. एकही कासव न बघता कासवांबद्दल इतका वेळ बोललो ही गंमतच.

मग आई पाण्यात गेल्या. नऊवारी वर खोचून, एका हातात मुलीचा हात, दुसऱ्या हातात चप्पल. रंकाळा सोडून दुसऱ्या पाण्यात पाय घातल्याचं त्यांना आठवत नव्हतं. तिसऱ्या लाटेला हातातली चप्पल गेली. एकच. दुसरीचं काय करायचं यावर चर्चा झाली आणि तीही गाडीत आली, कारण चप्पल टाकवत नाही. पुढचा सगळा दिवस आई माझ्या नवऱ्याच्या स्लिपरांत होत्या.

खरी गोष्ट सुरू होते ती तळपणच्या मुखाशी. गालजीबागच्या उत्तरेला, छोट्या टेकाडापलीकडे नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या काठाला राजबागची वाळू, अलीकडे होड्या. भरतीचं पाणी आत शिरत होतं आणि नदीचं बाहेर येत होतं, त्यामुळे मध्यावर पाण्याला एक सुरकुती पडली होती, ती काही हलेना. काका तिथे उभे राहिले ते राहिलेच. मी मात्र होड्यांकडे गेले, कारण एक होडी नुकतीच लागली होती आणि टोपलीत बांगडे होते. डोळे काचेसारखे, पाठीवरचे पट्टे अजून निळे. गोव्यात राहून एक विद्या शिकले, ती ही: बांगडा आधी डोळ्यांत बघायचा, मग भावात. दोन वाटे घेतले, जवळच्या माणसाकडून थर्मोकोलचा खोका आणि बर्फ मिळवला, आणि डिकीत ठेवून विजयी मुद्रेनं बसले. मावशीकडे चुलीवर तळून घेऊ, असा बेत. काकींनी खोका पाहिला, काही बोलल्या नाहीत. ड्रायव्हरनंही पाहिला. तोही काही बोलला नाही.

वाटेत पैंगीणला पर्तगाळचा मठ. इथे तळपणलाच कुशावती म्हणतात. गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठाला ५५० वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये इथे ७७ फुटी ब्राँझच्या रामाचं अनावरण झालं, त्यामुळे सोमवार असूनही गाड्या बऱ्याच होत्या. मूर्ती भव्य आहे. मला मात्र मठाचा वड आणि नदीकाठच्या पायऱ्या जास्त आवडल्या. तळपणच्या मुखाशी भरती-ओहोटीनं श्वास घेणारी नदी इथे शांत आणि अरुंद, पायरीवर बसून पाय बुडवावे इतकी घरगुती.

पुढे खोतीगाव अभयारण्याचं फाटक. ८६ चौरस किलोमीटरचं हे जंगल, गोव्याच्या अगदी दक्षिण टोकाला. तिकीट काढलं, आत शिरलो आणि मोबाइलची रेघ गेली. समुद्र सोडून तासभरही झाला नव्हता आणि खिडकीतून येणारी हवा मातीच्या माठासारखी गार झाली होती. काका आता खरे रंगात आले. माट्टी म्हणजे आपला ऐन, बघा साल कशी मगरीच्या पाठीसारखी. तो किंदळ. तो जांबा. मध्येच ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. वर, एका फांदीवरून दुसरीवर, तपकिरी झुपकेदार शेपूट. शेकरू! आपला राज्यप्राणी गोव्यात बघून मला उगाच माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. दुसरं कोणतंही जनावर दिसलं नाही. मचाणावर चढून पंधरा मिनिटं गप्प बसलो, त्यात नवऱ्याला डुलकी लागली.

मावशींचं घर रस्त्यापासून खाली, कुळागराच्या कडेला. कुळागर म्हणजे डोंगरउतारावरची बाग: सुपारी, तिच्या अंगावर चढलेली मिरी, मध्ये केळी, कडेला माड आणि फणस, आणि या सगळ्यांतून ओहोळाचं पाणी पाटानं फिरवलेलं. तो ओहोळ पुढे तळपणला जाऊन मिळतो. म्हणजे सकाळी समुद्राच्या तोंडाशी जे पाणी बघितलं, त्यातलं थोडं इथून, या सुपाऱ्यांच्या मुळांना भिजवून गेलेलं.

अंगणात आजी सुपारी वाळत घालत होत्या, मावशींच्या सासूबाई. मी थर्मोकोलचा खोका घेऊन पुढे झाले. आजींनी वास ओळखला. हात वर केला.

"नुस्तें? आज सोमार न्हय गो बाय!"

मी जागच्या जागी थिजले. सोमवार. महादेवाचा वार. श्रीस्थळचा मल्लिकार्जुन या तालुक्याचा देव, आणि मी त्याच्या वारी दोन वाटे बांगडे घेऊन उंबऱ्याशी उभी. रजा सोमवारची टाकली हे तोंडपाठ होतं, सोमवार कशाचा असतो हे मात्र डोक्यातून गेलं होतं. ड्रायव्हरकडे वळून पाहिलं तर तो शांतपणे म्हणाला, "तुमी विचारलें ना." काकी म्हणाल्या, "मला वाटलं तू रात्रीसाठी घेत्येस. मी तर सोमवार पाळते."

खोका परत डिकीत गेला. घरातल्या दोन मांजरी गाडीखाली जाऊन बसल्या त्या आम्ही निघेपर्यंत.

आणि जेवण शिवराक, म्हणजे शाकाहारी. गोव्यात येऊन डाळ-भात, असं पुटपुटत मी पंगतीला बसले. केळीच्या पानावर उकड्या तांदळाचा भात, लालसर, दाणा जाड. त्यावर खतखतं: तूरडाळ आणि नाना भाज्या, ओलं खोबरं आणि वरून तेफळाचा तो जिभेला किंचित बधिर करणारा झटका. तेफळ म्हणजे आपलं तिरफळ. अळसांद्यांचं तोणाक, म्हणजे चवळीच्या जातीच्या दाण्यांची रस्साभाजी. काटेकणग्यांची कापं, म्हणजे काटेरी वेलीच्या कंदाच्या चकत्या, रव्यात घोळून तव्यावर लाल केलेल्या. बाहेरून कुरकुरीत, आत पिठूळ. आईंनी त्या चार वेळा मागितल्या. पानाच्या डाव्या बाजूला खोल्याच्या मिरचीची चटणी. खोल हे याच तालुक्यातलं गाव, तिथल्या डोंगरउतारांवर पावसाच्या पाण्यावर ही मिरची पिकते आणि तिला भौगोलिक मानांकनही आहे. रंग गडद लाल, तिखटपणा बेताचा. तांबड्या रश्श्यावर वाढलेल्या आईंना ती "गोडच" लागली. शेवटी नाचणीचं तिजान, गूळ आणि नारळाचं दूध घातलेलं, कोमट.

वाढताना मावशी "आनी इल्लें" म्हणायच्या आणि ते "इल्लें", म्हणजे थोडंसं, पळीभर असायचं.

भातावरून बोलणं शिशारान्नीवर गेलं. मल्लिकार्जुनाचा हा उत्सव. तीन गडे, म्हणजे देवाचे सेवेकरी, डोक्याला डोकं लावून आडवे होतात, त्या तीन डोक्यांची चूल, तिच्यावर मडकं, आणि त्यात भात शिजतो. ड्रायव्हरनं लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिलंय. आई जेवता जेवता थांबल्या. "डोकं भाजत नाही?" आजींनी तिजानाची वाटी पुढे सरकवली आणि एवढंच म्हणाल्या, "देव आसा मगो."

मी माशाबद्दल कधी विसरले ते सांगता येणार नाही. कापांच्या तिसऱ्या फेरीला बहुतेक.

दुपारी पाटाच्या कडेला सगळे आडवे झाले. काका ओहोळात उतरून दगड उलटत होते, काकी त्यांना ओरडत होत्या. निघताना जेवणाचे पैसे दिले ते मावशींनी न मोजता कमरेला खोचले. आजींनी मला बोलावलं आणि मुठीतून वाळलेली तिरफळं दिली. "नुस्त्याक घाल. फाल्यां," आणि बोट हलवून बजावलं, "आज न्हय." मी ती काकींच्या पर्समध्ये ठेवायला दिली आणि विसरले.

परतीत करमळ घाटात अंधार पडला. आईंनी या वेळी रामरक्षा म्हटली नाही, त्या झोपल्या होत्या. घरी पोचलो तेव्हा साडेनऊ. बर्फाचं पाणी झालं होतं, थोडे खडे तेवढे राहिले होते, बांगडे अजून ताठ. दिवसभरात समुद्र, मठ, जंगल, डोंगर सगळं फिरून आले होते बिचारे. साफ करून, मीठ-हळद लावून फ्रिजमध्ये टाकले. नवरा म्हणाला, दोन तळ ना. मी म्हटलं, आजींना शब्द दिलाय.

बारा वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. दारात काकी, हातात वाटी, वाटीत तिरफळं. मागे जिन्यात काका, डोळे चोळत.

"मंगळवार लागला," काकी म्हणाल्या. "नारळ खवलायस का?"